बंदूक सफाईचे साहित्य कसे लावावे आणि कसे ठेवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी अजून पुष्कळ घरांत आहे, आणि शहरांतल्या रेंजवर .२२ रायफल किंवा एअर रायफल घेऊन सराव करणारी मंडळीही कमी नाहीत. बंदूक कशी साफ करावी हे बहुतेकांना कोणीतरी शिकवलेले असते. साफ करून झाल्यावर गज (नळीत घालायची सळई), ब्रश, चिंध्या आणि तेल कसे ठेवावे हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही, आणि बंदुकीला लागणारा गंज पुष्कळदा त्या पेटीतूनच येतो. पुढचे प्रश्न त्याविषयीचे आहेत.

सफाईच्या पेटीत नेमके काय असावे?

बारा बोअरच्या बंदुकीसाठी तीन तुकड्यांचा गज, फॉस्फर ब्रॉन्झचा एक ब्रश, लोकरीचा एक मॉप, चिंदी अडकवण्याचे पितळी टोक, कोऱ्या चिंध्या, सॉल्व्हंटची (मळ विरघळवणाऱ्या द्रवाची) लहान बाटली, तेलाची त्याहून लहान बाटली, जुना दात घासायचा ब्रश आणि हात पुसायचे फडके एवढे पुरते. .२२ रायफलीला त्या मापाचा एकसंध गज किंवा नळीतून ओढायची दोरी लागते. पोलीस आणि लष्करातले लोक तिला ‘पुलथ्रू’ म्हणतात, आणि ४ इंच बाय २ इंच कापलेल्या फ्लॅनेलच्या तुकड्याला ‘चिंदी’. हे दोन्ही शब्द निवृत्त जवानांबरोबर गावागावांत पोहोचले आहेत.

बाजारातल्या तयार किटमध्ये वीस-पंचवीस वस्तू असतात. त्यांतल्या निम्म्या वस्तू आपल्या बंदुकीच्या मापाच्या नसतात. त्या पेटीत ठेवू नयेत, वेगळ्या पिशवीत घालून बाजूला कराव्यात, कारण घाईच्या वेळी हात नेमका चुकीच्या ब्रशवर पडतो.

आणि काय असू नये?

काडतुसे असू नयेत, एकसुद्धा. त्याचप्रमाणे रायफलीचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग), मॅगझिन, फायरिंग पिन यांसारखे सुटे भागही सफाईच्या पेटीत राहू देऊ नयेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. त्यामुळे ‘ती काय, नुसती तेलाची पेटी आहे’ असे म्हणून ती पडवीत उघडी ठेवली आणि आत बोल्ट निघाला, तर शस्त्र उघड्यावर ठेवल्यासारखेच होते. सफाई संपली की बंदूक पूर्ण जोडून कुलपात जावी आणि मगच पेटी बंद करावी, असा क्रम ठेवला की हा प्रश्न उद्भवत नाही.

पेटी लाकडाची असावी, पत्र्याची की प्लॅस्टिकची?

कोकणासारख्या दमट हवेत झाकणाला रबरी पट्टी असलेली प्लॅस्टिकची पेटी सर्वांत सोयीची. पत्र्याची पेटी स्वतःच गंजते आणि तिची तांबूस भुकटी चिंध्यांवर उतरते. ती नळीत गेली तर बारीक पॉलिश पेपरचे काम करते. लाकडी पेटी देखणी असते, पण पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा शोषून घेते आणि आत सांडलेले तेल त्यात कायमचे मुरते. वडिलोपार्जित सागवानी पेटी असेल आणि ती वापरायचीच असेल, तर आत प्लॅस्टिकचा ट्रे बसवावा.

पेटीच्या तळाशी स्पंज घालण्याचा मोह टाळावा. मी एकदा साध्या स्पंजमध्ये वस्तूंच्या आकाराच्या खाचा कापून फार हौसेने पेटी सजवली होती. सॉल्व्हंटची बाटली आडवी झाली, झाकणातून थेंब-थेंब पाझरले आणि दोन महिन्यांनी पेटी उघडली तेव्हा स्पंजाचा चिकट, पिवळा लगदा ब्रशांच्या केसांत अडकून बसला होता. ते ब्रश फेकावे लागले. आता तळाला जाड ऑइलक्लॉथ असतो आणि बाटल्या एका उभ्या डब्यात असतात.

कोरे आणि वापरलेले साहित्य वेगळे ठेवण्यावर इतका भर का?

कारण मळलेला ब्रश दुसऱ्यांदा नळीत घातला की आपण मागच्या वेळचा मळच परत आत नेतो. त्या मळात शिशाचे बारीक कण असतात, जळलेल्या दारूचा कीट असतो आणि त्यावर साचलेली धूळ असते. यासाठी पेटीचे दोन भाग करावेत. एका बाजूला कोऱ्या चिंध्या, तेल आणि धुतलेले ब्रश. दुसऱ्या बाजूला झाकणाचा डबा, ज्यात वापरलेल्या चिंध्या फक्त सफाई संपेपर्यंत राहतात आणि त्याच दिवशी घराबाहेर जातात. कोऱ्या चिंध्या झिपच्या पिशवीत ठेवल्या तर त्यांना तेलाचा हातही लागत नाही.

चिंधीसाठी जुने सुती धोतर किंवा मलमल उत्तम. कितीही वेळा धुतलेले असले तरी चालते. टेरिकॉटची साडी किंवा बनियनचे ताणणारे कापड चालत नाही. पहिले फारसे शोषत नाही आणि दुसऱ्याचे धागे सुटून नळीत राहतात.

गज कुठे आणि कसा ठेवावा?

गज हा पेटीतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जास्त नुकसान करू शकणारा भाग आहे. एकसंध गज कोपऱ्यात तिरका टेकवून ठेवला की वर्षभरात त्याला बाक येतो. बाकलेला गज नळीच्या आतल्या भिंतीला, विशेषतः तोंडाजवळ, घासत राहतो, आणि रायफलीच्या अचूकतेची मोठी मदार नळीच्या तोंडावर असते. म्हणून गज मुठीकडून खिळ्याला उभा टांगावा. टांगायला जागा नसेल तर प्लंबरकडून सव्वा किंवा दीड इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून आणावा, एका बाजूला कायमचे आणि दुसऱ्या बाजूला काढता येणारे टोपण बसवावे आणि गज त्यात ठेवावा. धूळ लागत नाही, बाक येत नाही आणि खर्चही नगण्य.

तीन तुकड्यांच्या गजाचे सांधे प्रत्येक वेळी पुसावेत, कारण आट्यांत साचलेला कीट सांधा पूर्ण बसू देत नाही आणि मग तिथे निर्माण झालेली पायरी नळीला ओरखडे पाडते. विलायती आणि अमेरिकी गजांचे आटे सारखे नसतात. नवा ब्रश घेताना जुना गज दुकानात नेणे हाच खात्रीचा उपाय.

ठेवणीचा प्रश्न नसला तरी इथे एक गोष्ट नमूद करतो. जिथे शक्य असेल तिथे गज नेहमी काडतूस बसते त्या बाजूने घालावा आणि तोंडाकडे न्यावा. दुनळी मोडून उघडत असल्याने हे सहज जमते.

वेगवेगळ्या मापांचे ब्रश ओळखायचे कसे?

नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याच्या भरवशावर राहू नये. बारा बोअरची नळी आतून सुमारे १८.५ मिलिमीटर असते, ती कोणीही ओळखेल. पण .२२ ची ५.६ मिलिमीटर आणि एअर रायफलीच्या .१७७ मापाची ४.५ मिलिमीटर यांत फसगत होते, आणि .२२ चा ब्रश तशा एअर रायफलीत घातला की तो मध्येच रुतून बसतो. प्रत्येक ब्रशच्या दांडीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा: लाल म्हणजे बारा बोअर, पांढरा म्हणजे .२२, असा काहीही संकेत चालेल, फक्त तो पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा, कारण पेटी उघडणारे नेहमी आपणच असू असे नाही. ब्रश ज्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात मिळतो ते फेकू नये. केस दबले की ब्रश गेलाच.

तांबे विरघळवणारे, अमोनियाचा वास येणारे सॉल्व्हंट वापरत असाल तर ब्रॉन्झचा ब्रश त्यात बुडवून ठेवू नका. ब्रॉन्झमध्ये तांबेच असते, त्यामुळे सॉल्व्हंट ब्रशच खाऊ लागते. चिंधीवर उमटलेला हिरवट-निळा रंग नळीतला मळ आहे की ब्रशचा, हे मग कळेनासे होते. अशा वेळी नायलॉनचा ब्रश वापरावा. .३१५ रायफलीसारख्या, तांब्याचे आवरण असलेली गोळी उडवणाऱ्या हत्यारालाच हे सॉल्व्हंट लागते. बारा बोअरला किंवा .२२ ला त्याची गरज सहसा पडत नाही.

कोणते तेल ठेवावे? खोबरेल चालते का?

खोबरेल वापरणारी जुनी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्या बंदुकाही पाहिल्या आहेत. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली थिजते आणि उघड्यावर काही महिन्यांत खवट होते. थिजलेले खोबरेल चापाच्या यंत्रणेत साचले की थंडीच्या पहाटे घोडा आळसावतो. शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल गावात मिळणाऱ्या पर्यायांत त्यामानाने पुष्कळ बरे, आणि खास बंदुकीचे तेल मिळाले तर उत्तमच. डब्ल्यूडी-४० च्या नावातली पहिली दोन अक्षरे इंग्रजीत ‘पाणी हटवणारे’ या अर्थाची आहेत, आणि काम त्याचे तेच आहे: भिजलेल्या बंदुकीवरचे पाणी हटवायला ते छान, पण त्याचा पातळ थर चार महिन्यांच्या पावसाळ्यात टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यावर पुन्हा तेलाचा हात फिरवावा.

मोठा कॅन आणून ठेवावा, पण पेटीत फक्त २५-३० मिलिलिटरची ड्रॉपरची बाटली असावी. बंदुकीला थेंबांत तेल लागते. हातात मोठी बाटली असली की माणूस सढळ होतो, जादा तेल ओघळून लाकडी दस्त्यात मुरते आणि दस्ता नळीच्या सांध्याजवळ काळा पडून नरम होतो. त्याच कारणासाठी साफ केलेली बंदूक पहिली रात्र तोंड खाली करून ठेवण्याची जुन्या लोकांची पद्धत होती आणि ती शहाणपणाची होती.

बाटलीवर नाव आणि विकत घेतल्याचा महिना लिहावा. रॉकेल किंवा सॉल्व्हंट पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेले मूल लेबल वाचत नाही. पेट्रोलने तर सफाई करूच नये आणि म्हणून ते साठवूही नये. शून्याखालच्या तापमानातही त्याची वाफ पेट घेऊ शकते.

पावसाळ्यात पेटीतले साहित्यच गंजते, चिंध्यांना बुरशी येते. काय करावे?

सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि किनाऱ्यालगत हवेतल्या मिठामुळे त्याहून कमी ओलाव्यातही गंज धरतो. जून ते सप्टेंबर कोकणात आर्द्रता ८०-९० च्या घरात असते. तेव्हा संपूर्ण खोली कोरडी करण्याच्या भानगडीत न पडता पेटीपुरती हवा कोरडी ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

त्यासाठी सिलिका जेल. रंग बदलणारी घ्यावी. नारिंगी खडे ओलावा पिऊन हिरवे होतात, म्हणजे कळते. हवा फार दमट असेल तर ती आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी शोषते, त्यामुळे बुटाच्या खोक्यातली ती चिमूटभर पुडी पेटीला पुरणार नाही. मध्यम पेटीला १०० ग्रॅम तरी हवी. खडे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात. हे खडे तापवायचे भांडे स्वयंपाकाचे नसावे.

कपड्यांच्या कपाटात ठेवायचे, तळाशी पाणी साचणारे डबे बंदुकीजवळ नकोत. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असते आणि साचलेले पाणी म्हणजे तीव्र खारवण. डबा कलंडला तर एका रात्रीत नळीला जे होईल ते चार पावसाळ्यांत होणार नाही. डांबरगोळ्या किडे पळवतात, ओलावा शोषत नाहीत. कपाटात झिरोचा बल्ब लावण्याची जुनी युक्ती खरोखर काम करायची, कारण पंधरा वॅटचा तो बल्ब कपाट थोडे गरम ठेवी आणि त्यामुळे आतली सापेक्ष आर्द्रता खाली येई. आताचा एलईडी बल्ब तेवढा तापत नाही, म्हणून अनेकांना ‘हल्ली युक्ती चालत नाही’ असे वाटते. जुना बल्ब मिळालाच तर त्या कपाटात सॉल्व्हंट आणि चिंध्या ठेवू नयेत.

बंदूक गवसणीत घालून ठेवू नये. गवसणी नेण्या-आणण्यासाठी असते. कातडे आणि कॅनव्हास दोन्ही ओलावा धरून ठेवतात, आणि कातडे कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला खातात.

आमची ठासणीची बंदूक आहे. तिच्यासाठी वेगळे साहित्य लागते का?

लागते, आणि त्यातले मुख्य साहित्य म्हणजे गरम पाणी. काळ्या दारूचा कीट तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. शिवाय तो हवेतले पाणी ओढून घेतो, म्हणून नुसते तेल लावलेली ठासणीची बंदूक वरून चकचकीत आणि आतून पोखरलेली असू शकते. किंचित साबणाचे कढत पाणी, मग नुसते कढत पाणी, मग कोरड्या चिंध्या आणि शेवटी तेल, असा क्रम असतो. कढत पाण्याने नळी तापते आणि राहिलेला ओलावा आपोआप उडतो. या कामासाठी एक लांब चोचीचे नरसाळे आणि एक वेगळा मॉप लागतो. ते दोन्ही उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय पेटीत जाऊ नयेत. ओला मॉप बंद पेटीत गेला की तुमची शंभर ग्रॅम सिलिका एका दिवसात हिरवी झालीच म्हणून समजा.

गंजाच्या डागासाठी चिंच, आगळ किंवा राख पेटीत ठेवावी का?

नाही. तांब्याचा हंडा ज्याने लखलखतो त्याच आंबटाने बंदुकीवरचा काळा मुलामा उडतो, आणि मुलामा उडालेला भाग दुप्पट वेगाने गंजतो. तेलात भिजवलेली अगदी बारीक स्टील वूल आणि धीर या दोन गोष्टी पुरतात. स्टील वूल मात्र वेगळ्या पुडीत असावी, तिचे तुसे चिंध्यांत मिसळतात.

दस्त्याला जवसाचे तेल लावतो. त्या फडक्यांचे काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर नीट वाचावे, कारण यात घर पेटू शकते. जवसाचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. फडके पसरलेले असेल तर उष्णता निघून जाते. बोळा करून डब्यात कोंबलेले असेल तर ती आतच साठते आणि काही तासांत फडके आपोआप पेट घेऊ शकते, काडी लावावी लागत नाही. काम संपले की फडके अंगणात दोरीवर किंवा दगडावर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावे, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावे. ते पेटीत, कचऱ्याच्या बादलीत किंवा पडवीतल्या गोणपाटावर कधीही टाकू नये. खनिज तेलाच्या चिंध्या अशा आपोआप तापत नाहीत, पण त्या पेट पटकन घेतात, म्हणून त्याही साठवू नयेत.

काडतुसे आणि सफाईचे तेल एकाच कपाटात चालेल का?

कपाट एकच असले तर वेगवेगळे कप्पे, आणि तेल नेहमी खालच्या कप्प्यात. पातळ तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीच्या कडेने आत शिरले तर ती टोपी निकामी होते. खडकीच्या कारखान्यातले शक्तिमान काडतूस असो वा परदेशी, हा नियम सर्वांना लागू. हाताला तेल असताना काडतुसे हाताळू नयेत. मुळात सफाई चालू असताना काडतुसे त्या खोलीतच नसावीत.

एअर रायफलीसाठी हेच साहित्य वापरता येईल का?

बहुतेक नाही. एअर रायफलीत दारू जळत नाही, त्यामुळे सॉल्व्हंट लागत नाही. ते आतल्या रबरी सीलांना मात्र खाते. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये खनिज तेल हवा दाबण्याच्या कप्प्यात गेले तर दाबाखाली ते पेटते आणि सील फुटते. फेल्टच्या गुटिका आणि उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉनचे वंगण एवढेच वेगळ्या लहान डब्यात ठेवावे. घरात दोन्ही प्रकारची हत्यारे असतील तर दोन पेट्या कराव्यात, एका पेटीचे दोन भाग पुरत नाहीत.

सफाईनंतर हात धुणे पुरे का?

शिसे त्वचेतून फारसे जात नाही, ते बोटांवरून तोंडात जाते. साबण आणि पाण्याने हात धुवावेत, त्याआधी चहाचा कप उचलू नये. सफाई स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या पाटावर करू नये. जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि चिंध्यांसकट गुंडाळून घरगुती घातक कचऱ्यात द्यावे. उरलेले सॉल्व्हंट न्हाणीत, परसात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा करतो. त्याने काही बिघडते का?

पूजेने बिघडत नाही, विसरण्याने बिघडते. ओल्या बोटाने लावलेले हळद-कुंकू, झेंडूचे पाणी आणि अक्षता रात्रभर नळीवर राहिल्या की दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाली गंजाचे ठिपके दिसतात. दस्त्यावर लावा, लोखंडावर नको. आणि दसऱ्याच्या सकाळी कोरड्या चिंधीने पुसून तेलाचा हात फिरवा. पूजेसाठीही बंदूक मोकळी आहे, म्हणजे आत काडतूस नाही, याची आधी खात्री करावी, कारण त्या दिवशी घरातली सगळी मुले तिच्याभोवती असतात.

निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करावी लागली तर साहित्याचे काय?

आचारसंहितेच्या काळात कोणाचे हत्यार जमा करून घ्यायचे हे छाननी समिती ठरवते. तशी नोटीस आली की बंदूक दोन-तीन महिने आपल्या हाताखाली नसणार असे धरून चालावे. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी साफ करून आत तेलाचा नेहमीपेक्षा जाड थर द्यावा, बाहेरून ग्रीसचा पातळ हात फिरवावा आणि चापाच्या कडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी: ‘नळीत तेल आहे, पुसल्याशिवाय उडवू नये.’ नळीत साचलेले तेल किंवा ग्रीस बार उडताना अडथळा ठरते, आणि दोन-तीन महिन्यांनी आपण ते विसरलेलो असतो.

आमची दुनळी एका वर्षी अशीच परत आली, तेव्हा उजव्या नळीवर अंगठ्याच्या ठशाएवढा तांबूस डाग होता. रेषासुद्धा मोजता येत होत्या. नेताना वा आणताना कोणाचा घामट हात लागला असेल, कदाचित माझाच. तेव्हापासून बंदूक आणायला जाताना खिशात एक चपटी डबी असते: दोन कोऱ्या चिंध्या, एक तेलाची, आणि पुलथ्रूची दोरी. पावतीवर सही केली की तिथल्याच बाकावर बसून, बंदूक मोकळी आहे हे पाहून, मी आधी नळीवरून हात लागलेली प्रत्येक जागा पुसून घेतो आणि मगच ती गवसणीत घालतो.